रिंग फिरवता फिरवता

पहाटे साडेपाच. ढाणकीतलं दुकान उघडायला अजून अवकाश आहे. आज आधी सहस्रकुंड. बॅगेत बॅटऱ्या, ट्रायपॉड, मऊ फडकं आणि सीपीएल, म्हणजे लेन्सपुढं फिरणारा पोलरायझर. त्यावर बोटाचा ठसा असला तर घरीच पुसायचा. धबधब्याच्या तुषारांत पुसत बसलं की काच आणखी माखते.

सात. पैनगंगा भरून वाहतेय. प्री-वेडिंगचं जोडपं तयार व्हायला वेळ लावणार, हे ठरलेलंच. तोवर काळ्या ओल्या खडकावर लेन्स रोखून रिंग फिरवतो. खडकावरची पांढरी झाक उतरते, खालचा काळा दगड वर येतो. सूर्य उगवतीला असताना उत्तर-दक्षिणेकडचं आभाळ सर्वांत गडद होतं. सूर्य समोर किंवा पाठीशी असला तर कितीही फिरवा, आभाळ तसंच. वाईड लेन्स लावली तर आभाळात मधोमध काळपट पट्टा पडतो, तेव्हा जरा बेतानं. फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, पण शटर लांबवून पाण्याची धार मऊ करायची असली की तो तोटाही फायद्याचाच.

तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं की मात्र सावध. त्याचा उजेड ध्रुवीकृत असतो. रिंग नको त्या कोनात गेली की डोळ्यांपुढचं इंद्रधनुष्य फोटोतून गायब, आणि नवरीला तर नेमकं तेच हवं असतं.

साडेदहा. परतीला हळदीचं शेत. तुकतुकीत पानांवरची आभाळाची चमक गाळली की हिरवा असा काही दाट होतो, की शेतमालक विचारतो, “भाऊ, रंग मारता का काय फोटोत?” मारत नाही, असतो तोच दिसतो. १९२१ साली बोटीवरून सी. व्ही. रामन यांनी निकोल प्रिझममधून समुद्र पाहिला, तेव्हा पाण्यावरचं आभाळाचं प्रतिबिंब असंच गाळलं होतं. निळा रंग तरी उरलाच, उलट खुलला.

एक. दुकानात पासपोर्ट फोटो, फिल्टर डबीत. मग श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी कुणाच्या आजोबांची फ्रेम येते. काचेसमोर सरळ उभं राहून पोलरायझर फिरवण्यात अर्थ नाही. काचेची चमक नीट कापली जाते ती लंबापासून ५६ अंशांच्या आसपास, आणि तेवढ्या तिरप्यातून आजोबांचं तोंड वाकडं येतं. त्यापेक्षा मागचे खिळे उपसून फोटो बाहेर काढणं बरं. ओल धरून तो काचेला चिकटला असला तर ओढायचा नाही, सोलून निघतो. दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे लावायचे, कॅमेऱ्यामागं काळं कापड धरायचं, की झालं.

सहा. साखरपुडा. पाटल्या-बांगड्यांची चमक या फिल्टरला बधत नाही, धातूचं तसंच असतं. चेहऱ्यावरचं तेज मात्र तो पुसून टाकतो, मग नवरी आजारी दिसते. शिवाय मांडवातला उजेड आधीच तोकडा. त्यातले दोन स्टॉप कोण घालवणार?