धूळ, धूर आणि पाऊस

कृष्णा व वारणा या दोन नद्यांमधील इस्लामपूरच्या शेतकऱ्यास, वाळवंटातील धुळीशी आपला काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वारा शिवेचे दगड मानीत नाही. ता. २३ जानेवारी २०२२ रोजी कराचीच्या बाजूने आलेले धुळीचे लोट अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत पोचले. मोटारींवर पांढरट भुकटी बसली, सूर्य निस्तेज झाला आणि भर दुपारी हवेत गारवा आला.

या गारव्याचे कारण साधे आहे. दूरवर जाणारे धूलिकण बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते सूर्यप्रकाशाचा काही भाग परत आकाशाकडे फेकतात. त्यामुळे जमिनीवर ऊन कमी पोचते. धुराची काजळी मात्र निराळ्या स्वभावाची. ती प्रकाश शोषून स्वतः तापते व भोवतालची हवा तापविते. कोळसा व खनिज तेल जळताना निघणारे वायू हवेत अम्लरूप धारण करतात. गिरण्या व मोटारी यांप्रमाणेच, तोडणीनंतर फडात पेटविलेले उसाचे पाचटही या धुरात भर घालते.

धूळ व धूर एकत्र आले म्हणजे त्यांच्या परिणामांची केवळ बेरीज होते, असे मात्र नव्हे. धुळीत चुन्याचा अंश असतो. त्यावर नत्राम्लाची क्रिया होऊन पाणी ओढून घेणारा क्षार बनतो. पावसाळ्यात मिठास पाणी सुटते, तद्वत असा कण ओलावा धरतो, फुगतो, जड होतो आणि लवकर खाली बसतो किंवा पावसाबरोबर धुऊन जातो. धुळीची सावली त्यामुळे विरळ होते. मायन्झ येथील माक्स प्लांक रसायनसंस्थेच्या संशोधकांनी २०२० साली गणिताने दाखविले की, या संयोगामुळे हवेतील कणांपासून पृथ्वीस मिळणारा थंडावा अपेक्षेहून कमी भरतो.

शेतकऱ्याचा खरा जिव्हाळा पावसाशी. येथे दोन विरुद्ध ओढी आहेत. अरबी समुद्रावरील धूळ ऊन शोषून वरची हवा तापविते आणि नैर्ऋत्येकडील बाष्पयुक्त वाऱ्यांस जोर देते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. उलट, धुराचे दाट पटल जमीन व समुद्र यांवर छाया धरून बाष्पीभवन मंदावते. शिवाय ढगात कण फार झाले की थेंब पुष्कळ पण बारीक होतात, आणि बारीक थेंबांस पाऊस होऊन उतरावयास विलंब लागतो.

कृष्णेच्या उगमाशी, महाबळेश्वरी, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली मेघांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. डोंगरमाथ्यावर उतरणाऱ्या ढगांतच तेथे कण व थेंब मोजले जातात. ज्या नदीवर इस्लामपूरकडील शेती पोसते, तिच्या पाण्याचा असा आरंभीच हिशेब होतो.

वाळवंटातील वारा कोणास अडविता येणार नाही. धूर मात्र मनुष्याच्या हातचा आहे. पाचट न पेटविता सरीत कुजविले तर जमिनीची ओल टिकते, खताची भर पडते, आणि आकाशात तेवढी काजळी कमी जाते. शेजारच्या फडातून उठणारा धूर ज्या हवेत मिसळतो, त्याच हवेतून पुढच्या मृगाचा पाऊस यावयाचा असतो.