पावलांवरून मूर्तीचा ठाव

गेल्या हिवाळ्यांत वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन आम्ही नाणेघाटांत गेलों होतों. घाटघर मागें टाकून घाटमाथ्यावरून नाळेंत थोडें उतरलें म्हणजे तें प्रसिद्ध सातवाहन लेणें लागतें. त्याच्या मागील भिंतीवर पूर्वीं राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज त्या नाहींत. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वर ब्राह्मी अक्षरांत नांवें. त्यांवरून येथें सिमुक होता, येथें राणी नागनिका व राजा सातकर्णी होते, असें विद्वान् सांगतात. एका मुलानें विचारलें, "सर, मूर्तीच नाहीं, मग ती नेमकी कोठें उभी होती हें नुसत्या पावलावरून ठरवितां येतें काय?" येतें, आणि हीच युक्ति आजचे शास्त्रज्ञ पेशींतील प्रथिनांविषयीं योजितात, तें वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटलें.

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची माळ. मणी मुख्यतः वीस जातींचे, पण त्यांच्या क्रमावरून माळेचा गुण ठरतो. माळ तयार झाल्यावर पेशी तिच्यावर निरनिराळ्या खुणा लावते. त्यांतील एक खूण स्वतःच एक लहानसें प्रथिन आहे. त्याचें नांव यूबिक्विटिन व मणी अवघे ७६. त्याच्या शेपटीचें टोंक बहुधा दुसऱ्या प्रथिनांतील लायसीन नांवाच्या मण्यास चिकटतें. अशा खुणांची सांखळी लागली म्हणजे पुष्कळदां अर्थ असा कीं, हा माल मोडींत काढावा. या शोधाबद्दल २००४ सालीं इस्रायलचे चिखानोवर व हर्श्को आणि अमेरिकेचे रोझ यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु प्रत्येक खूण नाशाचीच नसते. ती कोणत्या लायसीनास लागली यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

हा विषय केवळ पुस्तकी नव्हे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगास कारण होणारा जो विषाणू आहे, त्याचें एक प्रथिन आपल्या पेशींतील पी-५३ या रखवालदारावर यूबिक्विटिनची खूण लावविते, आणि पेशी आपल्याच रखवालदाराचा नाश करते. (या विषाणूवर लस निघालेली आहे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.)

आतां खुणेची जागा कशी हुडकतात? आपल्या आंतड्यांत अन्न पचविणारा ट्रिप्सिन नांवाचा पदार्थ असतो. तो माळ वाटेल तेथें तोडीत नाहीं. लायसीन व आर्जिनीन या दोनच मण्यांच्या पुढें तोडतो. यूबिक्विटिनच्या अगदीं शेवटीं ग्लायसीनचे दोन मणी असतात व त्यांच्या अलीकडे आर्जिनीन. म्हणून ट्रिप्सिन घातला कीं सगळी मूर्ति निघून जाते, आणि लायसीनावर दोन ग्लायसीन तेवढे राहतात. हींच तीं पावलें! त्यांचा भार हायड्रोजनच्या अणूच्या सुमारें ११४ पट. मास स्पेक्ट्रोमीटर नांवाचें यंत्र माळेचे तुकडे वजन करून, पुन्हां फोडून, हा जादा भार कोणत्या मण्यावर आहे तें दाखवितें. २००३ सालीं किण्वाच्या पेशींत अशा ११० जागा सांपडल्या. २०१० च्या सुमारास या पावलांसच नेमकें पकडणारीं प्रतिपिंडें तयार झालीं, आणि जागांची गणती हजारोंवर गेली.

येथें एक फजितीही सांगितली पाहिजे. या कृतींत आयोडोॲसिटामाइड नांवाचें द्रव्य वापरीत असत. तें कधीं कधीं एकाच लायसीनास दोनदां चिकटतें, आणि त्यामुळें वाढलेले अणू जातीनें व संख्येनें दोन ग्लायसीनांइतकेच भरतात. मग तराजू कितीही नाजूक असला तरी खरें पाऊल व खोटें पाऊल यांत भेद कसा करणार? ही गोष्ट २००८ सालीं उघडकीस आली. तेव्हांपासून पुष्कळांनीं त्याऐवजीं क्लोरोॲसिटामाइड घेतलें. शिवाय नेड-८ नांवाचें यूबिक्विटिनचें एक भावंड हुबेहूब तशींच पावलें मागें ठेवतें. म्हणून सावध संशोधक संशयित लायसीनाच्या जागीं आर्जिनीन घालून पाहतो. खूण लागेनाशी झाली तर जागा खरी.

यूबिक्विटिनचें दुसरें भावंड सुमो. त्याच्या शेपटीजवळ ट्रिप्सिनला तोडावयास मणीच नाहीं, त्यामुळें पावलांऐवजीं लांबलचक शेपूट उरतें व वाचणें कठीण होतें. तरीही पुण्यांत पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत गिरीश रत्नपारखी व त्यांचे सहकारी यांनीं फळमाशीच्या पेशींवर हें काम केलें. जंतूंच्या आवरणांतील एक द्रव्य त्यांनीं पेशींस दिलें आणि सुमोची खूण असलेलीं प्रथिनें वेंचून काढलीं. २०१५ च्या त्यांच्या लेखांत सांपडलेलीं प्रथिनें १६१९ आहेत. पण भरंवशाचीं म्हणून त्यांनीं ७१० च धरलीं. एका एस्. टी. तून उतरले ते सगळे एकाच घरचे, असें थोडेंच असतें! ही काटछांट आम्हांस फार आवडली. पुढें त्यांतील थोड्या प्रथिनांची त्यांनीं वेगळी परीक्षा केली. त्यांत कॅस्पर नांवाचें एक होतें. माशीच्या रोगप्रतिकारास आवर घालणें हें त्याचें काम. त्याच्या माळेंत ५५१ व्या मण्यावर जें लायसीन आहे, त्यास सुमो लागतो, असें त्यांनीं दाखविलें. आणि जंतूंचें तें द्रव्य पेशींस दिलें म्हणजे या खुणेंत फरक पडतो.