जपानचा आधुनिक मेणा



मोटारगाड्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पाडता येतात. एक चालविणाऱ्याची गाडी आणि दुसरी बसणाऱ्याची गाडी. पहिलीची परीक्षा चक्र हाती धरून करावयाची असते. ती किती वेगाने पळते, वळणावर रस्ता कसा धरून राहते, हे तेथे पाहिले जाते. दुसरीची परीक्षा मागच्या बैठकीवर होते. तीत बसलेल्या मनुष्याला गाडी सुरू झाल्याचे कळले नाही, खाचखळगा जाणवला नाही आणि उतरताना त्याच्या अंगरख्याची घडी मोडली नाही, तर ती गाडी उत्तम. आज मी ज्या गाडीची माहिती सांगणार आहे, ती या दुसऱ्या वर्गातील असून जपानात त्या वर्गाची शिरोमणी मानली जाते. तिचे नाव टोयोटा सेंच्युरी.

ही गाडी प्रामुख्याने जपानातच विकली जात असल्यामुळे आपल्याकडे ती सहसा दृष्टीस पडत नाही. तथापि तिच्यामागची कल्पना महाड-पोलादपूरच्या लोकांना अपरिचित नाही. मुंबई सरकारचे गोरे अधिकारी उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाऊ लागले, त्या आरंभीच्या काळात त्यांचा एक मार्ग बाणकोटच्या खाडीतून महाडकडे आणि तेथून पोलादपुरावरून पारघाटाने वर जात असे. हा चढ मेण्यात किंवा पालखीत बसून चढावयाचा. मेण्याला पडदे असत, आत गादी असे, आणि बसणाऱ्याचे सुख सर्वस्वी भोयांच्या खांद्यांवर आणि त्यांच्या सावध पावलांवर अवलंबून असे. सेंच्युरी ही त्याच मेण्याची यंत्रयुगातील आवृत्ती होय. खिडक्यांना पडदे आहेत, आत शांतता आहे, मान मागे बसणाऱ्याचा आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की भोयाचा खांदा आता मोकळा झाला आहे.

या गाडीची वंशावळ मात्र कोणत्याही राजवाड्यात नव्हे, तर हातमागाच्या खोलीत सुरू होते. साकिची टोयोडा हा एका सुताराचा मुलगा. त्याचा जन्म १८६७ सालचा. घरी मागावर राबणाऱ्या आईचे कष्ट पाहून त्याने लाकडी माग सुधारण्याचा ध्यास घेतला आणि १८९१ साली आपल्या हातमागाचे पेटंट मिळविले. पुढे १९२४ साली त्याचा प्रसिद्ध स्वयंचलित माग तयार झाला. त्याच्या मागांतील एक युक्ती विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विणताना धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. याचा लाभ दुहेरी होता. सदोष कापड निघत नसे, आणि प्रत्येक मागाजवळ पहारा करीत उभे राहण्याची गरज न उरल्याने एकच कामगार अनेक माग सांभाळू शके. जपानी लोक या तत्त्वाला ‘जिदोका’ म्हणतात. दोष दिसताच थांबावे, तो दूर करावा आणि मगच पुढे जावे, हे त्याचे सार होय. पुढे मोटारीच्या कारखान्यातही हाच नियम आला. तेथे साध्या कामगारालाही दोष दिसला, तर दोरी ओढून कामाची सारी रांग थांबविण्याचा अधिकार असतो.

१९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडातील प्लॅट ब्रदर्स या कंपनीला एक लाख पौंडांस देण्याचा करार झाला. साकिचीचा मुलगा किइचिरो याला मोटारीचा छंद होता. त्याने १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग उघडला. १९३६ साली पहिली प्रवासी मोटार विक्रीस आली आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्रपणे उभी राहिली. महायुद्धाने जपान उद्ध्वस्त झाल्यावरही हे काम पुन्हा उभे राहिले. १९५५ साली ‘क्राउन’ ही गाडी निघाली. तिचे प्रमुख अभियंता होते केन्या नाकामुरा. १९६४ साली हीच गाडी रुंद करून तीत आठ सिलिंडरांचे एंजिन बसविले आणि ‘क्राउन एट’ असे तिचे नाव ठेविले. नंतर त्याच नाकामुरांच्या देखरेखीखाली १९६७ च्या नोव्हेंबरात सेंच्युरी बाहेर पडली. सेंच्युरी म्हणजे शतक. साकिचीच्या जन्मास त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. सुताराच्या मुलाचे स्मारक देशातील श्रेष्ठ गाडीच्या नावाने व्हावे, यात एक औचित्य आहे.

आता तिच्या रचनेकडे वळू. पहिली गोष्ट तिच्या स्थैर्याची. इतर गाड्यांचे रूप चारदोन वर्षांनी पालटते. सेंच्युरीचे पहिले रूप किरकोळ फेरफार सोडल्यास १९९७ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे टिकले. दुसरे वीस वर्षे चालले. तिसरे २०१८ साली आले. चेहरा तोच, उभट व सरळ. समोरच्या जाळीवर टोयोटाचे नेहमीचे चिन्ह नाही. तेथे जपानी पुराणकथांतील ‘होओ’ हा मंगल पक्षी आहे आणि त्याचा साचा कारागीर हाताने कोरतात. मागच्या खांबाच्या कडेवर दोन समांतर रेषा काढलेल्या आहेत. जुन्या जपानी घरांतील लाकडी खांबांच्या कडा ज्या पद्धतीने तासत, तिचेच हे लोखंडावरील रूप. काळा रंग सात थरांचा असून मध्ये मध्ये पाण्याने घासून तो आरशासारखा केला जातो. समारंभास उतरणाऱ्या पाहुण्याने त्या खांबात पाहून आपला पोशाख नीट करावा, इतकी चमक त्याला असते. एवढे करूनही गाडी दुरून पाहणाऱ्यास साधीच वाटते. श्रीमंती ओरडून सांगावयाची नाही, हा तिचा दंडकच आहे.

दुसरी गोष्ट बैठकीची. महागड्या गाडीत चामड्याची बैठक असावी अशी आपली समजूत असते. सेंच्युरीत मात्र लोकरी कापडाला मान आहे. कारण साधे आहे. चामडे हिवाळ्यात गार लागते आणि अंग हलविताच करकरते. लोकर ऊबदार आणि मुकी असते. दुसऱ्या पिढीच्या गाडीत पुढच्या रिकाम्या आसनाची पाठ मधून उघडून मागच्याला पाय लांब करता येत. तिसऱ्या पिढीत दारातील उंबरठा आणि आतील तळ यांतील उंचवटा कमी केला आहे, जेणेकरून वृद्ध मनुष्याचा पाय अडखळू नये. बसणारा कोठे बसतो, कसा चढतो, कशाने दचकतो याचा असा बारीक विचार हीच या गाडीची खरी किंमत, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट एंजिनाची. दुसऱ्या पिढीत पाच लिटरांचे बारा सिलिंडरांचे एंजिन होते. जपानी प्रवासी गाडीत विक्रीसाठी बसविलेले या जातीचे ते एकमेव एंजिन. बारा कशासाठी? एका ओळीत सहा सिलिंडर असले, की वर जाणाऱ्या व खाली येणाऱ्या दट्ट्यांचे धक्के परस्परांना पुरते तोलतात. अशा दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे जोडल्या म्हणजे कंप जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय एका ओळीचे काम बिघडले, तरी दुसऱ्या ओळीवर गाडी चालू राहावी अशी योजना होती. २०१८ च्या गाडीत आठ सिलिंडरांच्या पाच लिटरी एंजिनाला विजेच्या मोटारीची जोड दिली आहे. सावकाश निघताना केवळ विजेवर चालल्याने गाडी हलल्याचे कळतही नाही. तिची लांबी ५,३३५ मिलिमीटर असून पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ३,०९० मिलिमीटर आहे. चाकांतील अंतर जितके जास्त, तितकी खळग्यातून जाताना गाडीची पुढेमागे होणारी डोलणी कमी. लांब होडी लाटेवर कमी डोलते, तसेच हे.

जपानच्या सम्राटांसाठी २००६ साली याच गाडीची मोठी आवृत्ती तयार झाली. तिच्या छताला आतून हाताने केलेला जपानी कागद आणि पाऊल ठेवण्याच्या पायरीला ग्रॅनाइट दगड वापरला आहे. २०२५ साली टोयोटाने सेंच्युरी या नावाला स्वतंत्र नाममुद्रेचा दर्जा दिल्याचे जाहीर केले.

आता महाराष्ट्राकडे येऊ. साकिचीनंतर दोनच वर्षांनी, १८६९ साली, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. मुंबईस शिकून व शिकवून ते बेळगावी आले, सायकलींचे दुकान चालविले, लोखंडी नांगर बनविला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके ज्या घरांत वाचली गेली, त्यांना हे नाव नव्याने सांगावयास नको. एकाने विणकरासाठी माग केला, दुसऱ्याने शेतकऱ्यासाठी नांगर. दोघांचीही विद्या हातातील हत्यारातून आली. या दोन घराण्यांची गाठ पडली ती प्रथम मोटारीच्या नव्हे, तर कापडयंत्रांच्या निमित्ताने, १९९५ साली. १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली आणि बंगळुरूजवळ बिदडी येथे तिचा कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर हे २०२२ साली दिवंगत होईपर्यंत तिच्या धुरीणांपैकी होते. ‘कॅमरी’ ही सेडान या कारखान्यात २०१२ पासून जोडली जाऊ लागली आणि २०१३ साली तिची विजेची जोड असलेली आवृत्ती आली. सेंच्युरीहून ती लहान व साधी. पण मागच्या बैठकीचा मान राखण्याची रीत तीच. कॅमरी हे नावही मुकुटवाचक जपानी शब्दावरून आले आहे. २०२० पासून टोयोटाच्याच लेक्सस नाममुद्रेची एक सेडानही बिदडीत जोडली जाऊ लागली. २०२४ साली छत्रपती संभाजीनगर येथे कारखाना उभारण्याविषयी महाराष्ट्र सरकारशी कंपनीचा सामंजस्य करारही झाला.

येथे एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. अशी गाडी मुंबई-गोवा मार्गाने आणून पोलादपुरावरून आंबेनळी घाटात घातली, तर ती आपले वचन पाळील काय? लांब चाकांतरामुळे सरळ रस्त्यावर जे सुख मिळते, तेच घाटातील नागमोडी वळणावर ओझे होते. लांब गाडीला वळण्यास जागा अधिक लागते. आणि रस्ताच उखडलेला असेल, तर बारा सिलिंडर काय करणार? प्रवासातील सुख अर्धे गाडीत असते आणि अर्धे रस्त्यात. पहिले अर्धे पैशाने विकत मिळते. दुसरे अर्धे सर्वांचे असते. ते एकट्याला विकत घेता येत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूरच्या दरम्यान सावित्री नदीवरील ब्रिटिश काळातील पूल महापुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्यांसह प्रवाशांची वाहने अंधारात नदीत गेली आणि अनेक कुटुंबे उघडी पडली. त्या रात्री पुलाशेजारच्या एका गॅरेजातील कामगारांच्या ध्यानात ही गोष्ट आली आणि त्यांनी मागून येणारी वाहने थांबविली. त्यांनी साकिचीचे नाव ऐकले असेल वा नसेल. पण धागा तुटलेला दिसताच माग थांबवावा, हे त्यांनी केले. हेच काम पूल पडण्यापूर्वी कोणाच्या तरी हातून व्हावयास हवे होते. जुन्या दगडातील फट पाहून वाहतूक अडविण्याचा अधिकार आणि ते धैर्य ज्याच्यापाशी असेल, असा एक मनुष्य प्रत्येक पुलाला हवा. पुढे नवा पूल १६५ दिवसांत बांधून २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. अर्थात वेगाने बांधण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे. उणीव असते ती नित्य पाहत राहण्याची आणि वेळीच थांबण्याची.

सेंच्युरी गाडी आपल्यापैकी फार थोड्यांना परवडेल. ती घ्यावी असे सांगण्यासाठी हे भाषण नाही. परंतु ती ज्या वृत्तीतून जन्मली ती वृत्ती फुकट मिळते. जो आपल्या भरवशावर बसला आहे त्याला धक्का लागू नये म्हणून आधीच काळजी घेणे, हे त्या वृत्तीचे नाव. ती मोटार बांधणाऱ्याला हवी, तशीच एस.टी. हाकणाऱ्याला आणि पूल तपासणाऱ्यालाही हवी. पूर्वीचे भोई घाट चढताना पुढचा दगड पाहून मागच्यांना हाक देत. यंत्र आले, तरी त्या हाकेची गरज संपलेली नाही.