विरंगुळ्याची वैद्यकी

रुग्णाच्या शरीराची, मनाची आणि चारचौघांत मिसळण्याची क्षमता वाढावी म्हणून करमणुकीचा योजनापूर्वक वापर करणे म्हणजे मनोरंजनोपचार. खेळ, गाणे, चित्रकला, बागकाम, पोहणे, नाटक, सहल यांपैकी काहीही त्यात येऊ शकते. मात्र वॉर्डात टीव्ही लावून ठेवला किंवा सणासुदीला गाण्यांचा कार्यक्रम केला, की उपचार झाला असे होत नाही. रुग्णाला काय जमते आणि काय नाही याची तपासणी, त्यावरून ठरवलेले उद्दिष्ट, त्यासाठी निवडलेली कृती आणि शेवटी पडलेल्या फरकाची नोंद, या चार पायऱ्या असतील तरच करमणूक उपचारात मोडते. त्या पायऱ्या रुळायला पश्चिमेत दीडशेहून अधिक वर्षे लागली. महाराष्ट्रात त्यांतले बरेच काही व्यवहारात आले, पण व्यवसाय म्हणून त्याला मान्यता मिळाली ती अलीकडेच.

तीर्थ, कुंड आणि हवापालट

या उपचाराचे मूळ रूप ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, गणेशपुरीला पाहायला मिळते. तानसा नदीच्या खोऱ्यात गणेशपुरी, वज्रेश्वरी आणि अकलोली या लगतच्या ठिकाणी गरम पाण्याची कुंडे आहेत. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, जी ओळ आहे, तिचा हा उत्तरेकडचा भाग. पावसाचे पाणी खडकातील भेगांमधून खोलवर मुरते, तेथे तापते आणि पुन्हा वर येते. वसई जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांनी बांधवलेले वज्रेश्वरीचे मंदिर, गणेशपुरीचे भीमेश्वर मंदिर आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी समाधिस्थ झालेले भगवान नित्यानंद यांच्यामुळे येथे भाविकांची ये-जा असते. दर्शनाला आलेला माणूस कुंडात उतरतो, आणि सांधेदुखी घेऊन आलेला माणूस दर्शनही घेऊन जातो.

यातला शारीरिक भाग समजायला सोपा आहे. ऊन पाण्याने स्नायू सैल होतात आणि रक्ताभिसरण वाढते. पाणी शरीर उचलून धरत असल्याने गुडघ्यांवरचा भार कमी होतो, त्यामुळे जमिनीवर न वाकणारा सांधा पाण्यात थोडा वाकतो. त्याच्या जोडीला प्रवास, सोबत, गप्पा आणि रोजच्या रहाटगाडग्यातून सुटका असते; जुनी माणसे याला हवापालट म्हणत. परंतु कोणी किती वेळ पाण्यात बसावे आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्याने उतरावे की नाही, हे बहुधा अंदाजाने ठरते. आधी सांधा किती वाकत होता आणि नंतर किती वाकला, हे कोणी मोजत नाही. हवापालट आणि मनोरंजनोपचार यांतला फरक या मोजण्यात आहे.

साखळदंडांकडून बागेकडे

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवले जाई. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल यांनी त्याविरुद्ध भूमिका घेतली. इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाचे विल्यम ट्यूक यांनी उभारलेली ‘यॉर्क रिट्रीट’ ही संस्था १७९६ मध्ये सुरू झाली. तेथे रुग्ण बागेत काम करत आणि फिरायला जात. त्यांच्यासाठी ससे, कोंबड्या असे लहान प्राणी पाळलेले असत. दुसऱ्या जिवाची काळजी घेताना माणूस स्वतःलाही सावरतो, असा त्यामागचा विचार होता.

क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जखमी सैनिकांसाठी वाचनखोल्या सुरू केल्या. परिचर्येवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी ‘बदल’ या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले. त्याच भिंती आणि तेच छत पाहत पडून राहण्याने रुग्णाची प्रकृती कशी खालावते, हे त्या प्रकरणात आहे.

दोन महायुद्धांनी या कामाला व्यवसायाचे रूप दिले. हातपाय गमावलेले आणि मनाने खचलेले हजारो तरुण एकाच वेळी रुग्णालयांत दाखल झाले. अमेरिकन रेडक्रॉसने लष्करी रुग्णालयांत करमणुकीचे कार्यक्रम सुरू केले. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारांत खेळ आणले आणि १९४८ मध्ये त्यांच्यासाठी स्पर्धा भरवल्या. आजच्या पॅरालिम्पिकचा उगम त्या स्पर्धांत आहे.

दोन तट

अमेरिकेत हे काम करणाऱ्यांमध्ये लवकरच मतभेद झाले. रुग्णालाही निखळ करमणुकीचा हक्क आहे, त्यासाठी वेगळे कारण कशाला हवे, असे एका गटाचे म्हणणे होते. दुसरा गट करमणुकीकडे औषधासारखे साधन म्हणून पाहत होता. पहिल्या विचाराच्या मंडळींनी १९४९ मध्ये रुग्णालयीन करमणुकीचा विभाग स्थापला, तर दुसऱ्या विचाराच्या मंडळींनी १९५३ मध्ये स्वतंत्र संघटना काढली. १९६६ मध्ये दोघे ‘नॅशनल थेरप्युटिक रिक्रिएशन सोसायटी’त एकत्र आले. तरीही वाद मिटला नाही. १९८१ मध्ये प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र परिषद उभी राहिली आणि १९८४ मध्ये उपचारावर भर देणाऱ्यांनी पुन्हा आपली वेगळी संघटना केली.

कॅरल पीटरसन आणि स्काउट गन यांच्या मांडणीने या दोन बाजूंना एका सूत्रात ओवले. या मांडणीत उपचार, विरंगुळ्याचे शिक्षण आणि स्वतःच्या मर्जीने करमणुकीत सहभाग असे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात बहुतेक निर्णय उपचारक घेतो, तर तिसऱ्यापर्यंत सूत्रे रुग्णाच्या हाती येतात.

कॅरमचा पट

ही पद्धत कशी चालते, हे अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडलेल्या रुग्णाच्या उदाहरणावरून कळते. बोटे उघड-मीट करण्याचा व्यायाम तो कंटाळून सोडतो. तपासणीत असे कळते, की पूर्वी तो चाळीत कॅरम खेळत असे. उपचारक पट अशा उंचीवर ठेवतो, की खेळताना पाठ ताठ ठेवावीच लागेल. सुरुवातीला सोंगट्या नुसत्या गोळा करून पटाच्या मध्यभागी रचायच्या. त्यातून अंगठा आणि तर्जनी यांची पकड येते. मग जवळच्या सोंगटीवर स्ट्रायकर ढकलायचा, नंतर टिचकी मारायची. डाव्या बाजूचे भोक साधायला हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो. समोर भिडू आला की पाळी सांभाळणे, गुण मोजणे आणि बोलणे यांचाही सराव होतो. किती मिनिटे बसला, किती टिचक्या बसल्या, कोठे थकला, हे लिहून ठेवतात. पुढे तो आपल्या जुन्या मित्रांत बसून खेळू लागला, की तिसरा टप्पा गाठला गेला.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात ही वाट व्यवसायोपचारातून, म्हणजे रोजच्या कामांच्या सरावातून रुग्णाला स्वावलंबी करणाऱ्या उपचारातून, आली. अमेरिकेत क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून कमला निंबकर झाल्या. १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. देशातील ती अशी पहिली संस्था. १९५२ मध्ये व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता.

लष्करी पुनर्वसनाची परंपरा याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ पुढे खडकीला गेली. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी बसलेले, सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर मूळचे मुष्टियोद्धे. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. गुटमन यांनी रुग्णालयात जे सुरू केले होते, त्याचे मराठी मुलखातील हे ठळक उदाहरण.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत व्यवसायोपचार रुजला. ठाण्याचे रुग्णालय १९०१ चे. दिवाळीच्या सुमारास तेथील रुग्ण पणत्या रंगवतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे व्यसनमुक्तीच्या दिनक्रमात योगासने, संगीत आणि खेळ यांना स्थान आहे, कारण दारू सुटली तरी रिकामी संध्याकाळ उरतेच. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. त्यात कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकार रंगमंचावर येतात.

कायद्यातील स्थान

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने मनोरुग्णालयातील व्यक्तीला विरंगुळा आणि करमणूक यांच्या वाजवी सोयींचा हक्क दिला. अमेरिकेतील पहिल्या गटाची भूमिका यात दिसते. २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने दुसऱ्या गटाची बाजू भरून काढली. त्याच्या परिशिष्टात चलनोपचारकांच्या (मूव्हमेंट थेरपिस्ट) वर्गात कला व नृत्य उपचारकांबरोबर मनोरंजनोपचारकाचाही उल्लेख आहे. व्यवसायोपचाराला त्याच परिशिष्टात वेगळे स्थान आहे.

अशी नोंद झाली की व्यवसायाचा अभ्यासक्रम, किमान पात्रता, नोंदवही आणि आचारसंहिता ठरवण्याचा मार्ग खुला होतो. व्यवसायोपचाराने हा टप्पा राज्याच्या परिषदेमार्फत आधीच गाठला आहे. मनोरंजनोपचाराला तो अजून गाठायचा आहे. तोवर हे काम व्यवसायोपचारक, समाजसेवक, परिचारिका, कलावंत आणि खेळाचे प्रशिक्षक यांच्याकडेच राहील.