एफ-क्लास नेमबाजी: हजार यार्डांवरच्या नेमासाठी बायपॉड कसा निवडतात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात रायफलीला टेकण लावायला परवानगी नसते. पडून नेम धरतानाही भार असतो तो कोपरांवर आणि दंडाला बांधलेल्या पट्ट्यावर. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, तेही असंच. त्यामुळे रायफल दोन पायांवर ठेवून नेम मारायचा म्हटलं, की महाराष्ट्रातल्या नेमबाजाला ते जरा सोपं, क्वचित फसवणुकीसारखंही वाटू शकतं. प्रत्यक्षात टेकण आली की खेळ सोपा होत नाही, त्याची अडचण दुसरीकडे सरकते.

एफ-क्लास म्हणजे काय?

हा लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा एक प्रकार. त्यातलं 'एफ' हे कॅनडाचे नेमबाज जॉर्ज फार्कसन यांच्या आडनावाचं आद्याक्षर. वय वाढलं की डोळ्यांना साध्या लोखंडी माशीतून लक्ष्य नीट दिसेनासं होतं आणि पट्टा आवळून तासन्‌तास पडून राहणं खांद्याला, मनगटाला सोसत नाही. अशा मुरलेल्या नेमबाजांनी घरी बसण्यापेक्षा दुर्बीण आणि टेकण वापरून खेळत राहावं, ही त्यामागची कल्पना. पुढे तरुणही त्यात आले आणि जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. 2009 ची स्पर्धा इंग्लंडमधल्या बिस्लीला, 2013 ची अमेरिकेतल्या रॅटनला आणि 2017 ची कॅनडात ओटावाजवळच्या कॉनॉट रेंजवर झाली.

यात दोन गट आहेत. 'ओपन' गटात रायफलीचं वजन 10 किलोपर्यंत चालतं आणि पुढे जड, स्वतंत्र स्टँड ठेवता येतो. दुसरा गट 'एफ-टीआर'. त्यात काडतुसं दोनच, .223 रेमिंग्टन किंवा .308 विंचेस्टर. बायपॉड म्हणजे दोन पायांची टेकण, ती रायफलीलाच जोडलेली असते. मागे दस्त्याखाली वाळूची पिशवी चालते. दुर्बीण आणि बायपॉड धरून सगळ्याचं वजन 8.25 किलोच्या आत बसवावं लागतं. बायपॉडची निवड खरी कसाला लागते ती याच गटात.

कागदाच्या जाडीएवढी चूक

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एफ-क्लासच्या लक्ष्यावर पाच गुणांचं वर्तुळ एक मिनिट कोनाचं असतं, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. त्याच्या आत अर्ध्या मिनिटाचं 'व्ही' वर्तुळ. हजार यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर, पाचाचं वर्तुळ साधारण 26 सेंटिमीटर रुंद भरतं आणि 'व्ही' 13 सेंटिमीटर. फराळाच्या बशीएवढं. सारखे गुण पडले तर कोणाचे 'व्ही' जास्त हे पाहतात, त्यामुळे ती बशी महत्त्वाची.

आता रायफलीकडे पाहू. बायपॉडचे पाय आणि मागची पिशवी यांत समजा 80 सेंटिमीटर अंतर आहे. पुढचं टोक वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढं, म्हणजे 0.1 मिलिमीटर, बाजूला सरकलं तर हजार यार्डांवर गोळी सुमारे 11 सेंटिमीटर बाजूला जाते. मधल्या पाचातून थेट 'व्ही'च्या बाहेर!

बरं, रायफल स्थिर धरून ठेवली तरी ती चाप ओढल्यावर स्थिर राहत नाही. गोळी नळीत पुढे सरकू लागते त्याच क्षणी रायफल मागे येऊ लागते. .308 ची सुमारे 10 ग्रॅमची गोळी आणि सव्वाआठ किलोची रायफल धरली, तर गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत रायफल जवळजवळ एक मिलिमीटर मागे आलेली असते. हे सगळं घडायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडाच जास्त वेळ लागतो. माणसाच्या हाताला त्या वेळात काहीच दुरुस्त करता येत नाही. तो एक मिलिमीटरचा प्रवास सरळ झाला की वाकडा, आणि प्रत्येक वेळी सारखाच झाला का, हे ठरवतात बायपॉडचे पाय, मागची पिशवी आणि गाल-खांद्याचा दाब.

म्हणून या खेळातला चांगला बायपॉड रायफलीला घट्ट पकडून ठेवत नाही. तिला सरळ रेषेत मागे जाऊ देतो.

रुंद आणि बुटका का?

शिकारीसाठी किंवा सैन्यात वापरले जाणारे घडीचे बायपॉड अनेकांनी पाहिलेले असतात. अमेरिकेतल्या हॅरिस कंपनीचा 6 ते 9 इंच उंचीचा, स्प्रिंगवाल्या पायांचा नमुना त्यात सर्वांत ओळखीचा. पाय झटकन उघडतात, मिटतात, खांद्यावर रायफल टाकून चालताना आड येत नाहीत. 'प्रिसिजन रायफल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धावपळीच्या स्पर्धांत नेमबाजाला दीड-दोन मिनिटांत एका अडथळ्यावरून दुसऱ्यावर जाऊन गोळ्या झाडाव्या लागतात. तिथे हाच साचा शहाणपणाचा. पायांच्या सांध्यांत थोडी खेळ असते, ती नेमबाज खांद्याने रायफल किंचित पुढे रेटून काढून टाकतो. एफ-टीआरमध्ये मात्र माणूस एकाच जागी पडून 15 किंवा 20 गोळ्या झाडतो. तिथे दर गोळीला तेवढाच रेटा देणं हे वेगळं काम होऊन बसतं, आणि घडी होण्याच्या सोयीचा उपयोग शून्य.

म्हणून तिथले बायपॉड दिसायला अगदी वेगळे. पाय दोन्ही बाजूंना लांब पसरलेले, उंची जमेल तितकी कमी, बैठक कोळ्यासारखी. गोळी नळीतल्या पिळांतून फिरत जाते तेव्हा रायफल उलट बाजूला पिळली जाते. रुंद पाया ते थोपवतो. दुसरं कारण कलण्याचं. हजार यार्डांवर .308 ची गोळी सात-आठ मीटर खाली येते, म्हणून नळी तेवढी वर रोखलेली असते. अशा वेळी रायफल एका अंशाने जरी डावी-उजवीकडे कलली, तरी गोळी 13-14 सेंटिमीटर बाजूला जाते. ज्या बायपॉडवर हा कल बारकाईने साधता येतो आणि साधल्यावर तिथेच राहतो, तो कामाचा. बहुतेक जण दुर्बिणीजवळ एक छोटी पाणपातळीही लावतात. गवंड्याची असते तशीच, फक्त इवलीशी.

वर-खाली नेमासाठी काही बायपॉडना फिरवायची चाकं असतात, काहींना गाडीच्या गिअरसारखी दांडी. इंडोनेशियातल्या सेब कंपनीचा 'जॉय-पॉड' या दांडीसाठी प्रसिद्ध आहे. एकाच हाताने नेम चारही दिशांना हलतो. सोय मोठी आहे, पण जितके सांधे जास्त तितक्या ढिल्या होण्याच्या जागाही जास्त. साधा, एका चाकाचा बायपॉड घेऊन बारीक नेम मागची पिशवी दाबून साधणारेही पुष्कळ आहेत.

वजनाचा हिशेब

नवख्याची पहिली चूक इथे होते. तो महागडी दुर्बीण आणि जाड नळी आधी घेतो, उरेल त्यात बायपॉड पाहतो. अडीच-तीन किलोची नळी, एक किलोच्या आसपासची दुर्बीण, लाकडी किंवा कार्बनचा दस्ता हे सगळं जमेस धरलं, की सव्वाआठातलं थोडंच हातात राहतं. स्पर्धेच्या ठिकाणी काटा असतो आणि काटा दया दाखवत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनचे काही रुंद बायपॉड अर्ध्या किलोच्या आत बसतात. बायपॉडवर वाचलेले ग्रॅम नळीत घातले तर नळी जास्त जाड ठेवता येते, आणि जाड नळी लागोपाठच्या गोळ्यांनी हळू तापते. तेव्हा बायपॉडचं वजन पहिल्या दिवशीच कागदावर लिहिलेलं बरं.

पायांखाली काय आहे?

रॅटन आहे न्यू मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशात, बिस्लीला हिरवळ आणि इंग्लंडचा पाऊस. एकाच तळव्याचे पाय दोन्हीकडे सारखे वागणार नाहीत. रबरी तळवे काँक्रीटवर उसळतात: गोळी सुटली की पुढचं टोक उडी मारतं आणि दुर्बिणीतून लक्ष्य हरवतं. टोकदार खिळे मऊ मातीत छान रुततात, पण दर गोळीला थोडे अधिक रुतत गेले तर नेम हळूहळू खाली उतरतो आणि नेमबाज दोष देतो वाऱ्याला. बर्फावरच्या घसरपट्टीसारखे लांबट, वर वळलेल्या टोकांचे तळवे एफ-टीआरमध्ये लोकप्रिय आहेत, कारण ते मागे सरळ घसरतात. मात्र दोन्ही तळवे नळीला समांतर असावे लागतात. एक जरी तिरका बसला तरी रायफल दर वेळी त्याच बाजूला ओढली जाते. पायांखाली चटई किंवा गालिचाचा तुकडा चालतो का, हे आयोजकांच्या नियमपुस्तिकेत आधी पाहावं लागतं.

हे सगळं तपासायची एक सोपी रीत आहे आणि तिला एकही गोळी लागत नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करायची, दुर्बिणीतली फुली लक्ष्यावर आणायची आणि रायफल हाताने हळूच इंचभर मागे सरकवायची. फुली सरळ उभ्या रेषेत वर किंवा खाली गेली तर पाय आणि पिशवी एका ओळीत आहेत. ती तिरकी किंवा आडवी पळाली, तर आधी तळवे, मग पिशवीचे कान आणि शेवटी पडून राहण्याची दिशा बदलून पुन्हा सरकवायची. उधारीवर मिळालेला बायपॉडही असा पाच मिनिटांत पारखता येतो. दुकानातला असेल तर तो त्याच जातीच्या जमिनीवर ठेवून पाहू देतील का, हे विचारायला हरकत नाही.