घाटापलीकडची द्राक्षं

राजमाचीच्या पायथ्याच्या कोंडाण्यात भात उत्तम येतो, वाइनची द्राक्षं नाहीत. सततच्या ओलीने वेलीवर केवडा हा बुरशीरोग पसरतो. घाटापलीकडे, कमी पावसाच्या नाशकात राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीत ती लावली. त्यांच्या ‘सुला’ वाइनरीची पहिली वाइन २००० साली आली.

खरी करामत छाटणीची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. म्हणून घड जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत पिकतात. युरोपात वेल हिवाळाभर झोपते, तोडणी शरदात होते. पुढे रसातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं. पांढऱ्या वाइनचा रस गार टाक्यांतच आंबवावा, नाहीतर फळाचा सुगंध उडतो.

चीजचंही मूळ आंबवण्यातच. विरजण, मग दूध थिजवणारं रेनेट. दूध थिजलं की निवळी काढायची, मीठ लावून गारव्यात मुरवायचं. कोंडाण्यात तेवढा गारवा यंत्रच देईल.