पुण्यातलं सतरावं विजेतेपद

चेन्नईच्या जोश्ना चिनप्पाने (जन्म १९८६) स्क्वॉशचं राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा पटकावलं ते शाळकरी वयात. २००५ मध्ये ब्रिटिश ज्युनियर ओपनचा १९ वर्षांखालील गटही तिने जिंकला. पण खरी कसोटी लागली २०१९ मध्ये, पुण्यात. भुवनेश्वरी कुमारीची १६ राष्ट्रीय विजेतेपदं मागे टाकायची होती आणि अंतिम फेरीत समोर होती महाराष्ट्राची उर्वशी जोशी. पहिला गेम उर्वशीने ११-८ असा घेतला. मग मात्र जोश्नाने ओळीने तीन गेम जिंकून विक्रम नावावर केला. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत दीपिका पल्लीकलसोबत मिळवलेलं दुहेरीचं सुवर्ण हे तर या स्पर्धेतलं भारताचं स्क्वॉशमधलं पहिलंच पदक. जागतिक क्रमवारीत ती पहिल्या दहांत पोहोचली. पद्मश्री मिळाली २०२४ मध्ये. ती खूप आधीच मिळायला हवी होती.